भिंतीतल्या सॉकेटपासून

कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हटलं की बहुतेक जण प्रोसेसरपासून यादी सुरू करतात. तरुण मुलं ग्राफिक्स कार्डापासून करतात. मी भिंतीतल्या सॉकेटपासून करतो. मशीन ज्या खोलीत राहणार ती खोली, तिथली वीज, तिथला मे महिना आणि त्याच्यासमोर बसणारं माणूस, एवढं कळल्याशिवाय मला एकही पार्ट सुचत नाही. हे कळलं की निम्मी यादी आपोआप होते.

२०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या भाचीसाठी अशी एक यादी केली. ताई चंद्रपूरला असते. भाचीची बारावी झाली होती, आणि निकाल काहीही लागो, गेमिंग पीसी घ्यायचा हे बापलेकीत आधीच ठरलं होतं. तिला दोन गोष्टी करायच्या होत्या: मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट खेळायचा आणि ब्लेंडरमध्ये थ्रीडी मॉडेल्स करायची. दुसरी गोष्ट ती जुन्या लॅपटॉपवर करत होती. एकेका चित्राचा रेंडर (मॉडेलवरून पक्कं चित्र तयार करणं) रात्री लावायचा आणि सकाळी उठून बघायचा, असं तिचं वर्षभर चाललं होतं. त्यामुळे तिच्या हट्टामागे नुसती हौस नव्हती, हे मला माहीत होतं.

तिने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली. चांगली होती. रात्र रात्र व्हिडिओ बघून केलेली दिसत होती. प्रोसेसरचा नेमका मॉडेल नंबर, ग्राफिक्स कार्डाची कंपनी, त्यावर किती पंखे, पांढरं कॅबिनेट, लिक्विड कूलर, सगळं लिहिलेलं. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: ‘एसएमपीएस ६०० वॅट, कोणताही’. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या पार्टना पुरवणारा डबा.

त्या ‘कोणताही’पाशी मी थांबलो आणि फोन लावला.

“घरात अर्थिंग आहे का?”

“थांबा मामा, पप्पांना विचारते.” मग मागून भाऊजींचा आवाज: “आहे नं. तीन पिनांचेच बोर्ड आहेत सगळे.”

तीन भोकांचा सॉकेट असणं आणि तिसऱ्या भोकामागे खरोखर जमिनीपर्यंत गेलेली तार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या जुन्या घरांत पहिली सर्रास असते, दुसरीची खात्री कुणीच केलेली नसते. पत्र्याच्या कॅबिनेटला मागून हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, हा अनुभव ज्यांच्या घरी डेस्कटॉप होता त्यातल्या अनेकांना आहे. ताईच्या जुन्या मशीनलाही यायच्या. “त्याला हात नको लावत जाऊ,” एवढाच त्यावरचा घरगुती उपाय.

त्याचं कारण साधं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशीच दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून. दोघांचं दुसरं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला, म्हणजेच अर्थच्या तारेला जोडलेलं. विजेतला गोंगाट जमिनीत सोडायचं त्यांचं काम. आता ती तार जमिनीला पोचलेलीच नसेल, तर या दोन कपॅसिटरच्या मधोमध जो दाब (व्होल्टेज) तयार होतो तो पत्र्यावर तसाच राहतो. २३० व्होल्टच्या घरात तो साधारण निम्मा, ११५ च्या आसपास. प्रवाह अगदी किरकोळ असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्याच पत्र्याला मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, स्क्रूने आवळलेला असतो, त्याच्या यूएसबीला हेडफोन लागलेला असतो आणि तो हेडफोन पोरीच्या कानाला असतो. लाखभराच्या यादीत दोन-चार हजारांचं अर्थिंग पहिलं यावं, असं मला म्हणूनच वाटतं.

मी चंद्रपूरला गेलो तेव्हा वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरमध्ये शंभरचा पिवळा बल्ब घातला, दोन वायरी मोकळ्या ठेवल्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरल्या, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरल्या, तर तारेत जेमतेम लाली दिसली. बल्बच्या त्या फरकाने भाऊजींना जे पटलं ते मी फोनवर तासभर बोलून पटलं नसतं. अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात होता, कोळसा आणि मीठ घालून पाइप गाडलेला, पण वर्षानुवर्षं त्यात कुणी पाण्याचा तांब्या ओतला नव्हता. मे महिन्यात चंद्रपूरची माती हातभर खोलवर सुकते आणि सुकी माती वीज नीट वाहू देत नाही. खड्डा उकरून नवा पाइप घातला, जोडाची गंजलेली पट्टी बदलली. मग वायरमनने तोच बल्ब पुन्हा फेज आणि अर्थमध्ये धरला, आणि तो लख्ख पेटला.

मग इन्व्हर्टर. विदर्भात उन्हाळ्यात इन्व्हर्टर नसलेलं घर शोधावं लागेल. त्याच्या मागच्या बाजूला एक छोटा खटका असतो, ज्याकडे बसवणारा माणूस गेल्यानंतर कुणी बघत नाही. एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ लिहिलेलं. नॉर्मलवर असताना तो बाहेरचा दाब खूप खाली-वर झाला तरी चालवून घेतो आणि वीज गेल्यावर बॅटरीवर यायला निवांत वेळ घेतो. पंख्याला, दिव्याला त्याचं काही वाटत नाही. कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात बंद पडतो. आपल्या विजेचं एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं असतं. चांगला एसएमपीएस आपल्या आतल्या साठ्यावर, भाराप्रमाणे, सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. खटका यूपीएसकडे केला की इन्व्हर्टर बहुधा त्याच्या आत बॅटरीवर येतो, मशीन चालूच राहतं. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, मात्र हवा. ताईच्या घरचा होता. खटका नॉर्मलवर होता, तो सरकवला, आणि वेगळ्या यूपीएसचे सहा-सात हजार यादीतून गेले.

एसएमपीएसबद्दल मी जरा जास्त बोलतो, याची मला कल्पना आहे. पण या एका डब्यातून बाकी प्रत्येक पार्टला वीज मिळते, आणि हाच डबा आपल्याकडे लोक कॅबिनेटबरोबर फुकट आला म्हणून घेतात. दुकानात असा एक डबा मी भाचीच्या हातात दिला. मोठ्या अक्षरात ४५० वॅट. “आता बाजूचं लेबल वाच. बारा व्होल्टच्या रकान्यात काय आहे?” तिथे १६ अँपिअर लिहिलं होतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही बारा व्होल्टवर जगतात, त्यामुळे खरा आकडा तिथे असतो. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. मग शेजारचा चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा डबा दिला. त्यावर ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॅट. तिने दोन्ही हातांत दोन डबे धरले आणि म्हणाली, “वजनातच कळून राहिलं मामा.” खरंच कळतं. आतला ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि उष्णता घालवणारं अ‍ॅल्युमिनियम हे वजनालाच भारी असतं.

‘८० प्लस’ ब्राँझ किंवा गोल्ड या शिक्क्याबद्दलही एक सांगितलं पाहिजे. तो शिक्का फक्त भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया गेली हे सांगतो. डबा टिकेल का, वीज अचानक वाढली तर स्वतः बंद होऊन बाकीच्यांना वाचवेल का, हे त्यात येत नाही. शिवाय ती चाचणी तेवीस अंशांच्या आसपासच्या खोलीत होते. म्हणून मी शिक्क्याआधी दुसरी ओळ शोधतो: पूर्ण भार किती तापमानापर्यंत सलग देईन असं कंपनी सांगते? काही चाळीस अंश लिहितात, चांगल्या पन्नास लिहितात. चंद्रपूरसाठी पन्नासच हवं. तिथे पारा पंचेचाळीसच्या वर जाणं ही दर वर्षीची गोष्ट आहे आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त.

आमच्या मशीनची गरज जोडली तर प्रोसेसर नव्वदच्या आत, कार्ड १८०, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ, म्हणजे साडेतीनशेच्याही खाली. तरी ६५० घेतला. ग्राफिक्स कार्डं क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या आकड्याच्या बरीच वर उसळी मारतात. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने तर एसएमपीएसला शंभर मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट उसळी झेलण्याची अटच घातली. आणि निम्म्या भारावर चालणारा डबा कमी तापतो, त्याचा पंखा हळू फिरतो.

आता तो मे महिना.

कुठलाही पंखा, कुठलाही रेडिएटर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या वर किती अंश जायचं ते ठरवतो. पुण्यात तीस अंशांच्या खोलीत सत्तरवर राहणारं कार्ड चंद्रपुरात चाळीसच्या खोलीत तेवढ्याच कामाला ऐंशीवर राहील. परदेशातल्या परीक्षणांत वातानुकूलित खोलीत मोजलेले आकडे वाचताना मी मनातल्या मनात पंधरा-वीस मिळवत जातो आणि मग ठरवतो. म्हणूनच कमी वॅटमध्ये काम करणारी चिप मला विदर्भासाठी जास्त मोलाची वाटते. कॉम्प्युटर जितकी वीज खातो तितकी सगळी उष्णता म्हणून खोलीतच सोडतो. त्या खोलीत बसणाऱ्या पोरीलाही ती सोसायची असते.

तिथल्या घरात उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट असते, जी पुण्या-मुंबईच्या माणसाच्या लक्षात येत नाही: पाण्याचा कूलर. खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या बारीक ढलप्यांच्या ताट्यांचा. तो दमट वारा थेट खोलीत फेकतो. चंद्रपूरला भोवती कोळशाच्या खाणी, शहराला लागून २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, हवेत बारीक काळपट धूळ कायमची. ही धूळ आणि कूलरचा दमटपणा एकत्र आले की हीटसिंकच्या पात्यांमध्ये ओल्या पिठासारखा थर धरतो. कोरडी धूळ ब्लोअरने उडते. हा थर ब्रशने खरवडावा लागतो. म्हणून टेबल कूलरच्या समोरून काढून आडव्या भिंतीला लावलं. पुढून जाळीचं, धुता येणाऱ्या फिल्टरचं कॅबिनेट घेतलं. पुढून आत ओढणारे पंखे तीन, मागून बाहेर टाकणारा एक. आत जाणारी हवा जास्त असली की कॅबिनेटच्या फटींतून हवा बाहेरच ढकलली जाते, धुळीला फिल्टरमधूनच यावं लागतं.

याच कारणाने लिक्विड कूलर यादीतून काढला. तिला वाईट वाटलं, मला माहीत आहे. पण पंप, नळ्या, द्रव, वर पंखेही आहेतच. त्यातलं काही बिघडलं तर चंद्रपूरहून कुरिअर करायचं आणि तोवर मशीन बंद ठेवायचं. टॉवरसारख्या साध्या एअर कूलरमध्ये बिघडणारी गोष्ट एकच, पंखा, आणि तो कुठेही मिळतो. पासष्ट वॅटच्या प्रोसेसरला तो पुरून उरतो.

त्या बदल्यात पांढरं कॅबिनेट तिला दिलं. पांढऱ्याचे चार पैसे जास्त पडतात आणि मशीन त्याने तसूभरही वेगवान होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण जी वस्तू रोज डोळ्यांसमोर पाच-सात वर्षं राहणार ती आवडती असावी, या मागणीत मला काही गैर दिसत नाही. अशा मागणीला ‘फालतू खर्च’ म्हणणारे लोक मला पटत नाहीत. घराच्या भिंतींचा रंगही आपण असाच निवडतो.

पैसे कुठे घालायचे हा प्रश्न मॉनिटरपासून सुटतो. किती ठिपके, सेकंदाला किती वेळा रंगवायचे, हे मॉनिटर ठरवतो आणि तेवढंच काम कार्डाला करायचं असतं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०.७ लाख ठिपके असतात, २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख. म्हणजे काम पाऊणपटीहून जास्त वाढलं. ६० हर्ट्झवर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ वर सातच्या आत. नागपूरला सीताबर्डीत जाऊन तिने दोन्ही मॉनिटर शेजारी लावून पाहिले. मी तोंड उघडलं नाही. तिने १४४० चा, सत्तावीस इंची आयपीएस, १८० हर्ट्झचा घेतला. कारण तिने स्वतःच सांगितलं: ब्लेंडरमध्ये चारी खिडक्या उघडल्या की लहान पडद्यावर जागाच उरत नाही. हे कारण कुठल्याही आलेखात सापडणार नाही, आणि तिच्यासाठी सगळ्यात खरं तेच होतं.

मग ग्राफिक्स कार्ड, जिथे यादीतला सगळ्यात मोठा पैसा जातो आणि सगळ्यात जास्त दिशाभूलही होते. व्हॅलोरंटला मोठं कार्ड लागत नाही, त्याचा भार बराचसा प्रोसेसरवर. ब्लेंडरला मात्र लागतं, आणि तिथे एनव्हिडियाचं कार्ड सरस ठरतं, कारण ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन त्यांच्या ऑप्टिक्स प्रणालीवर वेगाने पळतं. नुसतं खेळायचं असतं तर त्याच पैशात मी एएमडीचं कार्ड सुचवलं असतं. आमची निवड आरटीएक्स ५०६० टीआय वर आली. एप्रिल २०२५ मध्ये हे कार्ड दोन रूपांत आलं, ८ जीबी आणि १६ जीबी. चिप तीच, नाव तेच, खोक्यावरचं चित्रही जवळपास तेच. दुकानदार तोंडाने सांगताना ‘फिफ्टी सिक्स्टी टीआय’ एवढंच म्हणतो. स्वस्त मिळालं म्हणून खुशीत घरी आणलेलं कार्ड आठचं निघालं, असं सहज होऊ शकतं.

आठ आणि सोळाचा फरक वेगाचा नाही, भरण्याचा आहे. गेममधल्या भिंती, चेहरे, झाडं यांची चित्रं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेली असतात. ती मावतात तोवर दोन्ही कार्डं सारखीच पळतात. मावेनाशी झाली की उरलेली मदरबोर्डवरच्या रॅममधून, कितीतरी अरुंद वाटेने आणावी लागतात, आणि चालता चालता चित्र अडखळतं. सेकंदाला सरासरी किती फ्रेम्स, म्हणजे चित्रं, दिसली या आकड्यात हे लपून जातं. नव्वदची सरासरी असलेला गेम मध्येच पस्तीसवर आपटत असेल तर खेळणाऱ्याला ते आपटणंच जाणवतं. म्हणून परीक्षण वाचताना सरासरीच्या खाली दिलेला ‘एक टक्का लो’, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेम्सचा, हा आकडा मी आधी बघतो. ब्लेंडरमध्ये तर आणखी कठीण. सीन मेमरीत मावला नाही तर रेंडर फार मंदावतो, नाहीतर अर्ध्यावर थांबतो. सोळाला पाच-सहा हजार जास्त पडत होते. ते प्रोसेसर कमी करून काढले.

तिच्या यादीत इंटेलचा आय-सेव्हन होता. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या बऱ्याच चिप जास्त व्होल्टेज ओढून कायमच्या खराब होत होत्या. २०२४ मध्ये कंपनीने ते मान्य केलं, मायक्रोकोडची, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती काढली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आता दुरुस्ती आहे, घाबरायचं काम नाही. पण माझं मन सॉकेटपाशी अडलं होतं. भिंतीतला नव्हे, मदरबोर्डवर प्रोसेसर ज्यात बसतो तो. त्या पिढ्या त्यांच्या सॉकेटवरच्या शेवटच्या होत्या. उद्या प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्डही बदलावा लागणार.

सॉकेटचं महत्त्व मला माझ्याच मशीनने शिकवलं. २०१७ मध्ये एएमडीचे पहिले रायझन आले तेव्हा मी एएम-फोर सॉकेटचा एक साधा बी-३५० मदरबोर्ड आणि रायझन ५ १६०० घेतला होता, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाऊन लॅमिंग्टन रोडला. रस्त्याचं कागदावरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पार्ट घ्यायला आलेला कुणी ते म्हणत नाही. दुकानदाराने पाठकोऱ्या कागदावर कोटेशन लिहून दिलं, मी ते घेऊन शेजारच्या चार दुकानांत फिरलो आणि पुन्हा त्याच्याचकडे आलो. पुढे २०२२ मध्ये त्या जुन्या बोर्डांनाही नव्या ५००० मालिकेच्या प्रोसेसरची दारं उघडली. बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं, जुना प्रोसेसर काढला, रायझन ५ ५६०० बसवला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच, आणि मशीन मात्र नव्याने तरुण झालं. तयार घेतलेल्या लॅपटॉपवर हे सुख नाही. असेंबल केलेल्या मशीनवरचं माझं प्रेम तिथून आहे: त्यातला एक भाग म्हातारा झाला म्हणून सगळंच टाकून द्यावं लागत नाही.

म्हणून भाचीला एएम-फाइव्ह. रायझन ५ ७६००, सहा कोअर, पासष्ट वॅट, बी-६५० चा मायक्रो एटीएक्स बोर्ड. हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू, असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. रेंडर कार्डावर होणार असल्यामुळे सहा कोअरने तिचं काही अडत नाही. चार वर्षांनी तिला वाटलं तर त्याच बोर्डावर मोठा प्रोसेसर बसेल.

रॅमबद्दल थोडक्यात. एकाच्या जागी दोन पट्ट्या घ्याव्यात, दोन वाटा मोकळ्या होतात. डीडीआर-फाइव्हमध्ये ६००० चा वेग आणि सीएल (उत्तर द्यायला लागणारा उशीर) ३० हा या प्रोसेसरला मानवणारा जोड. बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमला तिचा जाहीर वेग देणारी सेटिंग, चालू करावी लागते, नाहीतर रॅम आपल्या मूळच्या मंद वेगानेच चालत राहते. आम्ही १६-१६ जीबीच्या दोन घेतल्या. एसएसडी एक टीबीची एनव्हीएमई, जेन फोर. सात हजार एमबीची की पाच हजार एमबीची, यावर गेममध्ये डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. आतली मेमरी टीएलसी प्रकारची आहे ना एवढं बघावं.

खरेदी करताना दुकान आणि ऑनलाइन दोन्हीकडचे भाव लावून पाहिले, पण जिथे पक्कं बिल आणि भारतातल्या अधिकृत आयातदाराचा स्टिकर होता तिथूनच घेतलं. लहान शहरातल्या माणसाला हे जास्त लागू. माल बिघडला तर सिरियल नंबर, बिल आणि मूळ खोका यांच्याशिवाय कुणी दाद देत नाही. एका दुकानात कार्ड दोन हजारांनी स्वस्त मिळत होतं, ‘बिलाशिवाय’. भाऊजींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी नको म्हटलं. खोके सगळे माळ्यावर गेले, बिलांचे फोटो भाचीच्या आणि ताईच्या दोघींच्या फोनमध्ये.

जोडणी तिने केली. मी टॉर्च धरला. एएम-फाइव्हच्या सॉकेटचा खटका दाबताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो, तिथे ती थबकली. “दाब, इतकाच जोर लागतो,” म्हटलं, तेव्हा दाबला. पॉवर स्विचच्या त्या दोन बारक्या पिना शोधायला तिला मॅन्युअलमधलं पान तीनदा उलटावं लागलं. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा मिनिटभर काळाच होता. नवी रॅम ओळखायला हे बोर्ड पहिल्या वेळी तेवढा वेळ घेतात. मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग बायोसचा निळसर पडदा आला. त्या रात्री तिने जुना सीन नव्या मशीनवर रेंडरला लावला आणि जेवायला बसली. जेवण व्हायच्या आधी तो झाला होता. ताटावरून उठून ती तो पाहायला गेली, आणि तिथूनच ओरडली.

हे लिहायचं निमित्त असं की तिच्या वर्गातल्या दोघांना आता मशीन करायचं आहे आणि तिने माझा नंबर दिला आहे. त्यांना मी हीच यादी देऊ शकत नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी हवी आहे, आणि ती बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच. त्यातल्या मायक्रॉनने तर डिसेंबरात सांगून टाकलं की क्रुशियल या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं आम्ही थांबवतो. त्या जुन्या यादीत जी ओळ मी दोन वाक्यांत उरकली असती ती आता सगळ्यात महागड्या ओळींपैकी एक झाली आहे.

त्यांच्यापैकी एकाकडे जुनी एएम-फोरची मशीन आहे, आत ८-८ च्या दोन पट्ट्या. त्याला मी सांगणार आहे की बोर्ड, रॅम काही हलवू नकोस. रायझन ५ ५६०० बघ, सेकंडहँड चालेल, प्रोसेसर सहसा खराब होत नाहीत. बायोस आधी अपडेट कर, मग चिप बदल. राहिलेल्या पैशांत कार्ड घे. दुसऱ्याला सगळंच नवं घ्यायचं आहे. त्याला सोळाची एक पट्टी घेऊन दुसरी भाव उतरल्यावर टाकायला सांगेन. थोडा वेग जाईल, जाऊ दे. कार्ड एक पायरी खालचं घेतलं तरी चालेल. पण एसएमपीएसच्या ओळीत ‘कोणताही’ लिहून आणलंस तर यादी परत पाठवेन, हे त्याला आत्ताच कळवून ठेवलं आहे. तो राहतो बल्लारपूरला, भाड्याच्या घरात. घरमालकाशी बोलून वायरमन कधी आणता येईल, ते तो रविवारी सांगणार आहे.